चर्चखाली चर्च, त्याखाली गुहा : रोमला शिकायला जाणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की कॉलेजात इतिहास शिकवायला लागल्यावर एका उन्हाळ्यात सहा आठवडे रोमला जाऊन ख्रिस्ती धर्माचा इतिहास आणि अध्यात्म ह्या विषयाचा समर प्रोग्राम केला, आणि तिथून आल्यावर माझं शिकवणंच बदललं. त्यावर इतके मेल आणि पत्रं आलीत की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं होणार नाही, म्हणून ह्या वेळी अख्खा कॉलम त्यालाच. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स शिकते, दुसरं वर्ष आहे. ह्या सुट्टीत घरी न येता रोमला जाऊन धर्माच्या इतिहासाचा सहा आठवड्यांचा कोर्स करणार म्हणते. तिचे बाबा म्हणतात ह्याचा नोकरीला काय उपयोग. आणि सासूबाई रोज विचारतात की तिथे हिचा धर्म तर बदलणार नाहीत ना. खरं सांगा, शिकवतात काय नक्की? (एक आई, नाशिक)

ताई, आधी सासूबाईंचं उत्तर देते, कारण माझ्या आईनेही मला हेच विचारलं होतं. नाही बदलत. युनिव्हर्सिटीचा इतिहासाचा कोर्स असेल तर तिथे धर्माची दीक्षा देत नाहीत, धर्माचा अभ्यास करायला लावतात. येशू तारणारा आहे की नाही ह्याला परीक्षेत मार्क नसतात. ३१३ साली कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस ह्या रोमन सम्राटांनी ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली आणि ३८० साली थिओडोसियसने तोच धर्म साम्राज्याचा ठरवला, ह्या ६७ वर्षांत काय काय घडलं, कोणाचं फावलं, जुन्या देवळांचं आणि पुजाऱ्यांचं काय झालं, ह्याला मार्क असतात. आमच्या वर्गात कॅथलिक होते, एक तुर्की मुलगी होती, काहीच न मानणारे दोघं-तिघं होते, आणि मी, घरी रोज देवापुढे दिवा लावणारी. रोज सकाळी बसमध्ये कानात हरिपाठ लावून मी वर्गाला जायचे आणि कोणी कधी काही म्हणालं नाही, उलट एकाने विचारलं हे काय ऐकतेस आणि मग त्यालाही ऐकवलं.

फक्त एक बघून घ्या. काही प्रोग्राम चर्चच्या संस्था स्वतःच्या श्रद्धावान मुलांसाठी चालवतात, त्यात रोजची प्रार्थना, रिट्रीट वगैरे असतं. त्यातही वाईट काही नाही पण ते वेगळं, त्यामुळे मुलीला सिलॅबस मागवायला सांगा, वाचायची पुस्तकं कोणती, निबंध किती, शिक्षक कोणत्या विभागाचे, दहा मिनिटांत कळतं.

आता शिकवतात काय, तर एकाच जागेबद्दल सांगते. कोलोसियमपासून चालत पाच-सात मिनिटांवर सान क्लेमेंते नावाचं चर्च आहे. रस्त्यावरून बघाल तर साधं, पुढे निघून जाल. आत गेलात की बाराव्या शतकातलं चर्च, वर सोनेरी मोझेक, सुंदरच. पण बाजूने तिकीट काढून जिना उतरला की खाली चौथ्या शतकातलं दुसरं चर्च, जे अकराव्या शतकाच्या शेवटाला भराव घालून बुजवलं आणि त्याच्या डोक्यावर नवीन उभं केलं. आणि अजून एक जिना उतरलात की पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या रोमन इमारती, गल्ली म्हणावी इतकी अरुंद वाट, आणि एका खोलीत मिथ्रास ह्या देवाचं पूजास्थान. छत गुहेसारखं कमानदार, दोन्ही बाजूंना दगडी ओटे, मध्ये बैल मारणारा मिथ्रास कोरलेली वेदी. आणि सगळीकडे पाण्याचा आवाज. दिसत नाही, नुसता भिंतीपलीकडून खळखळ येत राहतो, जमिनीखालचा झरा आहे, त्या पाण्याने खालचा भाग भरून जायचा म्हणून १९१२ ते १४ च्या सुमाराला बोगदा काढून ते जुन्या रोमन गटाराला जोडून दिलं. हे सगळं खाली आहे हे शोधलं ते तिथल्या आयरिश डॉमिनिकन फादरनी, १८५७ मध्ये खणायला सुरुवात करून.

आमच्या सरांनी पहिल्या दिवशी आम्हाला तिथे सोडलं आणि सांगितलं की फोटो काढायचे नाहीत (तेव्हा तशी परवानगीही नव्हती), तासभर बसा आणि फक्त जे दिसतं, ऐकू येतं, वास येतो ते लिहा, मत लिहू नका. मला वाटलं हा काय अभ्यास. पण दुसऱ्या आठवड्यात परत नेलं, पाचव्यात परत, आणि तिसऱ्या वेळी मला मधल्या चर्चच्या भिंतीवरचं ते चित्र दिसलं जे आधी दोनदा समोरून जाऊनही दिसलं नव्हतं. त्यात एक चिडलेला रोमन मालक नोकरांना हुकूम देतोय की ह्या संताला फरफटत न्या, आणि नोकर बिचारे संत समजून दगडी खांब ओढतायत. चित्रात प्रत्येकाचं बोलणं लिहिलंय. संताचे शब्द लॅटिनमध्ये, आणि मालकाची नोकरांना दिलेली शिवी लोकांच्या रोजच्या बोलीत, रांडेच्यांनो ओढा म्हणावं तशी. इटालियन बोलीच्या अगदी जुन्या लेखी नमुन्यांत ते वाक्य धरतात. मला तर लगेच आपले गधेगाळ, शापाचे ते जुने कोरीव दगड, आठवले, त्या दगडांवरही धाक घालायची वेळ आली की शिवी आपल्या रोखठोक मराठीतच येते. चर्चच्या भिंतीवर शिवी कशाला ठेवली, ती कोण वाचणार होतं, लॅटिन कळणारे किती होते आणि न कळणारे किती, ह्यावर आमचा अख्खा एक तास गेला. हे शिकवतात, ताई.

तिच्या बाबांना सांगा की नोकरी लागेल असं मी म्हणणार नाही, पण तिच्या युनिव्हर्सिटीत क्रेडिट धरणार असतील (हे ॲडमिशनच्या आधी लेखी घ्या) तर वर्ष वाया जात नाही. आणि एक महत्त्वाचं, तिच्या आय-ट्वेंटीवर (कॉलेजने व्हिसासाठी दिलेला कागद) कॉलेजची ट्रॅव्हल सही वर्षभराच्या आतली हवी आणि अमेरिकेचा व्हिसा परत येईपर्यंत चालू हवा, नाहीतर रोम छान होईल आणि परतीला त्रास होईल.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात एमए करतोय. भारतातून अप्लाय करायचं तर व्हिसा कुठला आणि खर्च किती? (एक विद्यार्थी)

नव्वद दिवसांच्या आतला कोर्स असेल तर शेंगेनचा शॉर्ट स्टे, टाइप सी. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी करायलाच लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत त्यामुळे पंधरा दिवसांवर राहू नकोस, फेब्रुवारी-मार्चलाच लाग. मोठ्यांना फी ९० युरो, ३० हजार युरोचं मेडिकल इन्शुरन्स, पासपोर्ट परत यायच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू. कोर्सचं पत्र, राहण्याचा पुरावा, बँकेचे कागद. खर्चात फी आणि राहणं हेच दोन मोठे, त्यात क्रेडिट नको असेल तर नुसतं ऑडिट, म्हणजे क्रेडिटशिवाय वर्गात बसणं, करता येतं का विचार, ते स्वस्त पडतं. पाण्यावर खर्च करू नकोस, रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, नासोनी म्हणतात त्यांना, पाणी चोवीस तास वाहतं आणि गार असतं, बाटली जवळ ठेव.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर नेहमी येतं की व्हॅटिकन हा शब्द वाटिकावरून आलाय आणि तिथे पूर्वी आपलंच मंदिर होतं. तुम्ही तिथे शिकून आलात, खरं काय? (सोलापूर, कोल्हापूर आणि ठाण्याहून तिघांनी विचारलंय)

ह्याला काही पुरावा नाही. व्हॅटिकानुस हे त्या टेकडीचं आणि टायबर नदीच्या पलीकडच्या भागाचं जुनं लॅटिन नाव, ख्रिस्ती धर्माच्याही आधीचं. आणि खाली काय आहे तेही माहीत आहे, कारण १९३९ नंतर दहा वर्षं सेंट पीटर्सच्या खाली उत्खनन झालं आणि तिथे रोमन लोकांचं कबरस्तान मिळालं, ओळीने छोट्या घरांसारख्या समाध्या, रंगवलेल्या भिंती, काही कबरी ख्रिस्ती नसलेल्यांच्या, काही ख्रिस्ती. आजही तिथे थोड्या थोड्या लोकांना गाइडबरोबर नेतात, खूप आधी मेल करून नंबर लावायला लागतो.

पण तुम्हाला आपलं आणि तिकडचं नातं शोधायचंच असेल तर खरं नातं आहे, आणि मला ते ह्या वाटिकेपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. वर मिथ्रास सांगितला ना, बैल मारणारा, त्याचं नाव इराणच्या मिथ्रवरून आलं आणि इराणचा मिथ्र आणि ऋग्वेदातला मित्र ह्यांचं मूळ एक. आपण सूर्यनमस्कार घालताना पहिलं नाव घेतो, ॐ मित्राय नमः, तोच मित्र. मी त्या गुहेत उभी असताना हे डोक्यात आलं आणि अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण लगेच सरांनी जे सांगितलं तेही तितकंच खरं आहे, की नाव प्रवास करत आलं तरी रोमन सैनिक त्या ओट्यांवर बसून जे करायचे ते इराणातही नव्हतं आणि आपल्याकडेही नव्हतं, बैल मारायचं ते चित्र रोमन लोकांनीच घडवलं. नाव एक, देव बदललेला. म्हणजे तो आपला देव होता असं म्हणता येत नाही आणि आपला त्याच्याशी काहीच संबंध नाही असंही नाही, आणि हे दोन्ही एकाच वेळी मनात धरून ठेवणं अवघड जातं, फॉरवर्डमध्ये तर ते मावतच नाही. पुढच्या वेळी तो मेसेज आला की मित्राची ही गोष्ट पाठवा ग्रुपवर, प्लीज.

प्रश्न : चर्चमध्ये मिस्सा चालू असेल तर हिंदू माणसाने बसावं का? प्रसाद देतात तो घ्यायचा का? नाही घेतला तर अपमान होतो का? (मिरज)

बसा, अवश्य बसा, मागच्या बाकावर. सगळे उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकायची सक्ती नाही, नुसतं शांत बसलं तरी चालतं. पण ख्रिस्तप्रसाद घेऊ नका. आपल्याला वाटतं प्रसाद म्हणजे कोणीही हात पुढे करावा, आपल्याकडे नाही म्हटलं तर वाईट दिसतं, आणि ह्याच सवयीने आपली माणसं चुकतात. कॅथलिकांच्या श्रद्धेने ती भाकर म्हणजे साक्षात येशूचं शरीर, आणि ती बाप्तिस्मा घेऊन, तयारी करून पहिला ख्रिस्तप्रसाद झालेल्या कॅथलिकांसाठी असते. वसईच्या कोणत्याही घरात विचारा, लहान मुलांची त्याआधी किती तयारी करून घेतात ते सांगतील. रांग निघाली की आपण जागेवर बसून राहायचं, कोणाचा अपमान होत नाही, तिथले बरेच लोकही बसून असतात.

माझ्या वर्गातल्या एकाने माहीत असून कुतूहल म्हणून घेतला होता आणि बाहेर येऊन अभिमानाने सांगत होता. मला फार राग आला. आपल्या गाभाऱ्यात कोणी चप्पल घालून शिरलं आणि म्हणालं की मी अभ्यास करतोय, तर आपल्याला कसं वाटेल?

प्रश्न : मी मडगावची. आमच्या गोव्याचा आणि रोमचा संबंध तुम्ही मागच्या लेखात एका ओळीत उरकलात, त्याबद्दल सविस्तर लिहा ना.

उरकलं खरं, चुकलंच माझं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शरीर आहे हे तुम्हाला मी काय सांगणार, पण त्यांचा उजवा हात कोपरापासून खाली रोममध्ये आहे, जेझू नावाच्या चर्चमध्ये, १६१४ साली गोव्याहून पाठवलेला. आत गेल्यावर एका बाजूला जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या सेंट इग्नेशियसची कबर आणि बरोबर समोर दुसऱ्या बाजूला झेवियरची वेदी, तिथे तो हात. मी गेले त्या दिवशी समोर दोन बायका उभ्या होत्या आणि हळू आवाजात कोंकणीत बोलत होत्या. मी मराठीत विचारलं कुठल्या, तर म्हणाल्या साष्टीच्या, म्हणजे तुमच्याच मडगावच्या तालुक्यातल्या. एक म्हणाली की तिच्या आजीने सायबाचं शव बघितलं, आईने बघितलं, तिने बघितलं, फक्त हा हात बघायचा राहिला होता. रोममधलं बाकी काही बघायची तिला घाईच नव्हती.

आणि दुसरा संबंध तर आपल्या भाषेचा. क्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७५ मध्ये रोमलाच सान्त आंद्रेआला जेझुइट म्हणून दाखल झाले, आणि १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजाने गोव्याला आले. पुढची चाळीस वर्षं तुमच्या साष्टीत काढली, आणि १६१६ मध्ये राशोलला जवळपास अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ छापून निघाला, मराठीत, पण रोमन लिपीत. कोंकणीचं व्याकरणही त्यांचंच, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं. शाळेत मराठी भाषेची थोरवी म्हणून त्यांच्या ओव्या आपण पाठ केल्या, पण हा माणूस कुठून निघाला ते मला रोमला जाईपर्यंत माहीत नव्हतं. सान्त आंद्रेआला आज दिसतं ते बर्निनीचं लंबगोल चर्च, ते त्यांच्यानंतरचं, ते आले तेव्हा तिथे हे काही नव्हतं. जेझूचं बांधकाम मात्र तेव्हा चालू होतं. मी सान्त आंद्रेआच्या पायऱ्यांवर बसून फोनवर त्यांच्या ओव्या काढून मोठ्याने वाचल्या, एक म्हातारे गृहस्थ थांबून ऐकत होते, भाषा कोणती विचारलं, मी म्हटलं मराठी, त्यांना काही कळलं नाही पण ते शेवटपर्यंत उभे राहिले.

त्याच गोव्यात देवळं पाडली गेली आणि इन्क्विझिशनही (चर्चचं धर्मन्यायालय) आलं, आणि त्याच गोव्यात ही ओवी लिहिली गेली. ह्यावर मी तिथे पेपर लिहिला. सोपा नव्हता, आणि तुम्ही मडगावच्या म्हणजे तुमच्या घरातच ह्याच्या दोन्ही बाजू असतील कदाचित, लिहा मला.

प्रश्न : मी वारकरी आहे, सत्तरी ओलांडली. तुमच्या कोर्सच्या नावात अध्यात्म हा शब्द आहे. अध्यात्म वर्गात बसून शिकता येतं का? (सातारा)

काका, नाही येत, आणि तसं तिथे कोणी म्हणतही नव्हतं. वर्गात शिकवतात ते असं की कोणी कोणी कसा शोध घेतला. सुबियाकोच्या कड्यातली गुहा दाखवायला नेलं, जिथे सेंट बेनेडिक्ट तरुणपणी एकटे राहिले. आणि असिसी. तिथले सेंट फ्रान्सिस (गोव्याचे झेवियर वेगळे) १२२६ मध्ये वारले, त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी, आजारी, दृष्टी जवळजवळ गेलेली, अशा अवस्थेत त्यांनी एक स्तोत्र रचलं, त्यात सूर्य भाऊ, चंद्र बहीण, पाणी बहीण, अग्नी भाऊ आणि शेवटी मरणसुद्धा बहीण. आणि रचलं कशात, तर लॅटिनमध्ये नाही, उंब्रियाच्या बोलीत. माउलींनी गीतेवर मराठीत टीका केली त्याच्या साधारण पासष्ट वर्षं आधी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही पण तुमच्यासारख्यांना हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सेंट फ्रान्सिसची समाधी असिसीच्या चर्चखाली तळघरात आहे, दगडी पेटी, भोवती लोखंडी जाळी. ती इतकी नीट लपवली होती की १८१८ मध्ये शोधून काढायला लागली. मी बसले होते तिथे एक गावातली आजी आली, बाजारातूनच आली असणार, हातातल्या पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावत होती. तिने पिशवी जमिनीवर ठेवली, जाळीला हात लावला आणि कोणाशी तरी रोजचं बोलावं तसं पुटपुटायला लागली, मध्येच जरा तक्रारीचा सूर, मध्येच मान हलवणं. पाच मिनिटांनी पिशवी उचलली आणि गेली. माझ्या वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलंय. तुम्ही पंढरीला हे शंभरदा पाहिलं असेल, मला सांगा मी ह्यात अजून काय बघायला हवं होतं.

प्रश्न : कॅटाकोम्ब्समध्ये गुदमरतं का? ख्रिस्ती लोक तिथे लपून राहायचे ना? (अकोला)

लपून राहत नव्हते, ते सिनेमात. रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत पुरायला बंदी होती म्हणून बाहेर, आप्पिया रस्त्यावर वगैरे, मऊ दगडात ही भुयारं खणली, ती स्मशानंच. ज्यूंचीही आहेत. सान कालिस्तोमध्ये तिसऱ्या शतकातले नऊ पोप पुरले होते. आत पायऱ्या बऱ्याच, वाटा अरुंद, बंद जागेची भीती असेल तर नका जाऊ. बाहेर जुलैचं ऊन असलं तरी आत पंधरा-सोळा अंश, शाल घ्या. भिंतीत फळ्यांसारखे कप्पे असतात, आणि त्यात मध्ये मध्ये अगदी छोटे, माझ्या हाताच्या लांबीचे. तान्ह्या मुलांचे. तिथे गाइड बोलायचा थांबला होता.

प्रश्न : मी जूनमध्ये जातेय, सिलेक्शन झालं!! सहा आठवड्यांत काय काय बघू, लिस्ट द्या ना ताई. (औरंगाबाद)

अभिनंदन गं, खूप आनंद झाला. लिस्ट देत नाही. कॉलेज नेईल तिकडे जाशीलच. त्याशिवाय एक चर्च निवड, तुझ्या खोलीच्या जवळचं, फार प्रसिद्ध नसलेलं, आणि दर आठवड्याला त्याच वेळी तिथे जाऊन अर्धा तास बस. कोण मेणबत्ती लावतं, झाडू कोण मारतं, उन्हाची तिरीप कुठे पडते, सगळं लिही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पर्समध्ये ओढणी ठेवलीस की काम होतं.

यहुदी वस्ती मात्र चुकवू नकोस. १५५५ मध्ये पोपच्या हुकुमाने त्यांना तिथे भिंतीत कोंडलं, आणि १९४३ च्या १६ ऑक्टोबरला जर्मनांनी पकडून हजारावर माणसं आउशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवली, परत आली सोळा. घरांच्या दारासमोर फुटपाथमध्ये पितळी चौकोन बसवलेत, त्यावर नावं आहेत. वाकून वाच, आणि सावकाश.

आणि ५ ऑगस्टला तिथे असशील तर सांता मारिया माज्जोरेला जा. कथा अशी की चौथ्या शतकात ऐन ऑगस्टात त्या टेकडीवर बर्फ पडला आणि मारियेने तिथे चर्च बांधायला सांगितलं, म्हणून दर वर्षी त्या दिवशी प्रार्थना चालू असताना छतातून पांढऱ्या पाकळ्या सोडतात. सकाळी प्रचंड गर्दी असते, जागा नाही मिळाली तर नाराज होऊ नकोस, संध्याकाळच्या प्रार्थनेलाही पाकळ्या पडतात, तेव्हा तासभर आधी जाऊन मधल्या बाकांवर बस.